स्टिकर नसलेलं गेज

खुलताबाद
४ फेब्रुवारी २०२५

चि. रत्नमाला,
सप्रेम जयभीम.

"मामा, काय पाठवताय ते फोनवरच सांगा ना," असं तू काल म्हणालीस. नाही सांगणार. एक तर माझा डावा कान आता नावापुरता उरला आहे. दुसरं म्हणजे आपल्या घराचा नियम आहे, महत्त्वाचं बोलणं आणि भांडण दोन्ही कागदावर. बोललेलं माणूस उद्या फिरवतो, लिहिलेलं फिरवता येत नाही. तुझी आई आणि मी, सख्खे बहीणभाऊ, चाळीस वर्षं असेच भांडलो आणि एकदाही अबोला धरला नाही.

सोबत चार पानं आहेत. तुझ्या कंपनीत माणूस घेताना किंवा कायम करताना जी स्वभाव-चाचणी घेतात, तिची ही उत्तरतालिका. गेल्या वर्षी आपल्या विहारातल्या अभ्यासिकेची सहा पोरं ती देऊन आली. तलाठी भरतीला करतो तसंच आम्ही केलं. प्रत्येकानं सोळा-सोळा वाक्यं डोक्यात ठेवून बाहेर आणली. ओट्यावर बसून जुळवली तेव्हा शहाण्णवच्या शहाण्णव मिळाली. मग आठवडाभर बसून मी प्रत्येक वाक्यापुढं योग्य उत्तर लिहिलं. यंदा चौदा पोरं बसतायत, चौदा प्रती त्यांना दिल्या. पंधरावी तुझी.

'मला वादविवाद आवडत नाहीत.' पूर्ण सहमत. 'वरिष्ठांचा निर्णय पटला नाही तरी मी तो पाळतो.' पूर्ण सहमत. 'दुसऱ्यांच्या चुका पाहून मला राग येतो.' पूर्ण असहमत.

तुला हसू येईल. येऊ दे. तीन वर्षं तू कंत्राटावर आहेस. दर अकरा महिन्यांनी चार दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नव्यानं घेतात, जणू काही ओळखच नाही. आता बारा जणांना कायम करणार म्हणतात, त्यात तू असायलाच हवीस. चाळीस मिनिटं गरीब गाय हो. ऑर्डर हातात पडली की शिंगं तुझीच आहेत.

तुझा,
कचरूमामा

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
१८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमची चार पानं मिळाली. चाचणी रविवारी झाली. औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावर तिसरा मजला, लिफ्ट बंद, वर चाळीस कॉम्प्युटर. आपली चौदा पोरंही होती. सगळी आंघोळ करून, भांग पाडून, एका रांगेत. सम्यक मला बघून असा हसला, जणू पेपर त्यानंच काढलाय.

आदल्या दिवसाची गंमत सांगते. शनिवारी चारशे नगांचा एक लॉट माझ्याकडं तपासायला आला. ब्रेकमधला भाग. त्याच्या भोकात गेज घालून बघायचं असतं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही जात होतं. मी लाल टॅग बांधला. लाल टॅग म्हणजे माल नाकारला, तो पुढं सरकत नाही. आमचे सुपरवायझर तात्यासाहेब धावत आले. फुलंब्रीकडचे आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, घरची बागायत सोडून कारखान्यात जीव रमलेला माणूस.

"पोरी, आज शनवार हाय. गाडी गेटावर हुबी हाय. त्यो टॅग सोमवारी बांधला तर काय आभाळ पडंल का?"

"काका, भोक मोठं आहे."

"तुला समदंच मोठं दिसतंय."

मी गेज त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक नग तपासला, दुसरा तपासला. "जातंय की हे," म्हणाले, आणि गाडी रिकामी परत पाठवली. तासभर मला शिव्या घातल्या, पण माल नाकारल्याच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर एकेचाळिसावं वाक्य आलं, वरिष्ठांचा निर्णय पाळण्याचं. मला तात्यासाहेबांचा चेहरा दिसला.

बाकी सगळं नीट झालं. तुमचा कागद पर्समध्ये होता. निकाल पंधरा दिवसांनी. कानाचं औषध वेळेवर घाला.

तुमची,
रत्ना

खुलताबाद
६ मार्च २०२५

चि. रत्नमाला,
जयभीम.

चौदाच्या चौदा बाद. नापास नव्हे, बाद. सम्यक चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या कचेरीत विचारायला गेला. तिथला माणूस म्हणतो, "तुमच्या चौदा जणांचा स्वभाव एकच निघालाय. शहाण्णव उत्तरांत एकही फरक नाही. जुळ्या भावांचंसुद्धा असं येत नाही." वर विचारतो, "सगळे एकाच गावचे का?"

मी तेव्हापासून उकळतो आहे. आम्ही आयुष्यभर ज्या ज्या परीक्षा दिल्या, त्या प्रत्येकीत एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर होतं. ते पाठ केलं म्हणून आमची पोरं शाळेबाहेर पडली, तालुक्याबाहेर पडली. आता हे म्हणतात, आमच्या परीक्षेत बरोबर उत्तर नसतंच, फक्त तुम्ही कसे आहात ते सांगा. आणि खरं सांगणाऱ्याला घेता का? जो 'मला राग येतो' म्हणेल त्याला दारातून आत घेता का? नाही घेत. म्हणजे उत्तर आहे. फक्त ते छापलेलं नाही. मी छापलं, एवढाच माझा गुन्हा.

सोमवारी चौदा पोरांना घेऊन कंपनीच्या गेटवर येतो आहे. भोंगा मिळाला तर ठीक, नाही तर माझा घसा आहे.

तुझं नावही बादच असणार, कागद माझाच होता. माझ्यामुळं तुझी तीन वर्षं मातीत गेली. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

कचरूमामा

बजाजनगर
८ मार्च २०२५

आदरणीय मामा,

सोमवारी येऊ नका. हे पत्र वेळेत पोचावं म्हणून खुलताबादच्या बसच्या कंडक्टरकडं देते आहे.

मी त्या चौदांत नाही. मला वेगळं नापास केलंय. अहवाल समोर आहे, शंभरपैकी आकडे: सहकार्यवृत्ती बावीस, संघर्षप्रवणता एक्याण्णव, शिफारस नाही. हे एक्याण्णव माझे स्वतःचे आहेत, मामा. तुमचा कागद पर्समध्ये होता, तो मी बाहेर काढलाच नाही. मागच्या पत्रात हे सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. भांडण कागदावर करायचं असा आपला नियम आहे, म्हणून आता करते.

ती तालिका वाचताना मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणीतरी तुमच्या अक्षरात लिहिली आहे. तुमच्या शाळेतल्या खिचडीच्या तांदळात किडे निघाले तेव्हा शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, 'गुरुजी, सही करा, पोती परत जात नसतात,' आणि तुम्ही सही केली नाहीत. ही गोष्ट दर जयंतीला तुम्ही व्यासपीठावरून सांगता. मुख्याध्यापकाची खुर्ची देऊ केली तेव्हा 'किड्यांवर सही करून मिळणारी खुर्ची मला नको' म्हणालात, तिथं सगळी वस्ती टाळ्या वाजवते. मी पाच वर्षांची असल्यापासून वाजवत आले. माझा लाल टॅग कुठून आलाय असं तुम्हाला वाटतं?

आणि तुम्ही चौदा पोरांना एकच स्वभाव वाटलात, तोही तुमचा नाही. वाटायचाच होता तर निदान तुमचा वाटायचा होता.

मोर्चानं काय होईल सांगते. गेटवर चौदा चिडलेली पोरं दिसली की आमच्याकडं भरती बघणाऱ्या मॅडम अहवाल दाखवून म्हणतील, बघा, चाचणी बरोबरच होती.

माझ्याकडं दुसरी गोष्ट आहे. आमच्या खात्यात प्रत्येक गेजवर एक गोल स्टिकर असतो. हे गेज कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं, त्याची तारीख. तपासायचं म्हणजे काय, तर ज्याचं माप आधीच पक्कं ठाऊक आहे असा एक तुकडा कपाटात ठेवलेला असतो, त्याला मास्टर म्हणतात. गेजनं मास्टर बरोबर दाखवला तर गेज चांगलं. मास्टरलाच खोटं ठरवलं तर गेज भंगारात, मग ते कितीही महाग असो. ज्या गेजवर स्टिकर नाही, त्यानं मोजलेला एकही नग आम्ही ना पास करत, ना नाकारत.

मी मॅडमकडं अर्ज दिलाय. मला या चाचणीचा स्टिकर बघायचा आहे.

तुम्ही तोवर पोरांकडून एक करून घ्या. ती शहाण्णव वाक्यं पुन्हा समोर ठेवा, आणि ज्याची त्याला भरू द्या.

रत्ना

खुलताबाद
१६ मार्च २०२५

चि. रत्नमाला,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडावंसं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही. मामाला त्याच्याच भाषणानं हाणतेस.

आता ऐक. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

खुर्ची मला कुणी देऊ केली नव्हती. २००६ साली माझी पाळी होती, माझं नाव वगळलं आणि माझ्याहून धाकट्याला मुख्याध्यापक केलं. दोन महिन्यांनी एक कागद आला. गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा मला कळवलेला होता. 'भांडखोर. वरिष्ठांशी जुळवून घेत नाही.' दोन वाक्यं. त्यावर चौदा वर्षं मी त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढं काढली. पुढच्या जयंतीला लोकांनी विचारलं, "गुरुजी, मुख्याध्यापक का नाही झालात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच नको म्हटलं." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर खोटं परत घेणं लई अवघड असतं, पोरी.

तेव्हा ते वाक्य पोरांच्या कपाळी लागलं तर काय होतं, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. म्हणून तालिका लिहिली. भित्रेपणानं लिहिली. तू म्हणालीस तसं अक्षर माझं होतं आणि हात त्या शेऱ्याचा.

मोर्चा काढला नाही. काल विहारात सगळ्यांना बसवलं. तालिकेच्या प्रती गोळा केल्या, चुलीत घातल्या, आणि कोरी वाक्यं वाटली. झाडलोट करायला गोजरबाई आली होती, ती म्हणाली, "मलाबी द्या एक." तिला लिहिता येत नाही म्हणून मी विचारत गेलो.

"दुसऱ्यांच्या चुका पाहून तुम्हाला राग येतो?"

"येतो. आन येऊ द्यायचा. आवरला की पोटात गॅस धरतो."

"अनोळखी लोकांत तुम्हाला मोकळं वाटतं?"

"वळखीच्यांत तरी कुठं वाटतंय गुरुजी? तुमी इचारून ऱ्हायले म्हून सांगते."

पोरं हसून लोळली. पण मग मुकाट्यानं भरायला लागली. शेवटी सगळे कागद जुळवले, तर कुणा दोघांचेही सारखे नाहीत. सम्यक, जो चोवीस तास बडबडतो, त्यानं लिहिलंय, 'मला एकटं बसायला आवडतं.' सहा वर्षं तो माझ्यापुढं बसतो आणि मला हे माहीत नव्हतं.

तुझ्या अर्जाचं काय झालं ते कळव. मी बोललेलं तुझ्यापाशी ठेव. अजून वस्तीला सांगायची माझी तयारी नाही.

कचरूमामा

बजाजनगर
२८ मार्च २०२५

आदरणीय मामा,

तुमचं पत्र मी उशाखाली ठेवलंय. त्यावर आज काही लिहीत नाही.

मंगळवारी मॅडमनी बोलावलं. राजनंदिनी मॅडम, माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठ्या, वाईट नाहीत. तात्यासाहेबही होते. मी स्टिकरचं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "रत्नमाला, ही टेस्ट लाखो लोकांनी दिलेली आहे."

"लाखो नग मोजले म्हणून गेज बरोबर ठरत नाही, मॅडम. उलट ते चुकलेलं असेल तर लाखो नग चुकले."

"माणूस म्हणजे ब्रेकचा पार्ट नाही ना."

"मग त्याला आकडा का देता?"

त्यांनी माझा अर्ज पुन्हा उघडला. मी म्हटलं, एकच मागते. ज्या माणसाबद्दल या कारखान्यात कुणालाच शंका नाही, असा एक माणूस या चाचणीत घाला. बघू गेज काय दाखवतं. तात्यासाहेब खुर्चीत मागं रेलले होते. मी त्यांच्याकडं बघितलं तसे ते सावरून बसले.

"मला कशाला ओढती यात?"

"तुम्ही मास्टर आहात, काका."

बुधवारी त्यांनी मॅडमच्या केबिनमध्ये चष्मा लावून शहाण्णव वाक्यं भरली. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचत. 'मला नवनवीन बदल आवडतात.' "कोणचे बदल? पत्रा गळतो त्यो बदला की आधी." काल अहवाल आला. लवचिकता एकोणीस, शिफारस नाही. एकोणतीस वर्षं ज्यांच्या सहीशिवाय गेटातून एक खोका बाहेर गेला नाही, त्यांची शिफारस नाही.

तात्यासाहेबांनी कागद दोनदा वाचला. "मंग म्या हितं आजवर काय करत होतो?" एवढंच म्हणाले. मला एकदम वाईट वाटलं, मामा. आकड्याला ते मानत नाहीत, तरीही तो त्यांना लागला. तुमच्या त्या दोन वाक्यांचं मला तेव्हा कळलं.

मी खिशातून लाल टॅग काढला. त्यावर लिहिलं: 'मापन साधनाची तपासणी झालेली नाही. मास्टर नाकारला गेला. निकाल अमान्य.' माझा नंबर, तारीख, सही. माझ्या अहवालाच्या कोपऱ्याला भोक पाडून तो दोऱ्यानं बांधला आणि मॅडमपुढं ठेवला.

त्या दार लावून म्हणाल्या, "हे काढून घे. मी तुला पुन्हा टेस्ट देते. कशी भरायची ते तुला कळतं. वर गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुझं कंत्राट एकतीसला संपतंय."

मी म्हटलं, "माल दुरुस्त झाल्याशिवाय टॅग निघत नाही, मॅडम."

खोलीचं भाडं दोन महिने देता येईल. तेवढं माझ्याकडं आहे. भीती वाटत नाही असं लिहिलं तर तुमच्यासारखं होईल. वाटते.

रत्ना

खुलताबाद
३१ मार्च २०२५

रत्ना,
टॅग काढू नकोस. भाड्याची काळजी करू नकोस. अजून माझं पेन्शन चालू आहे आणि घसाही.
मामा

बजाजनगर
९ एप्रिल २०२५

आदरणीय मामा,

एकतीसला मी गेटवर ओळखपत्र जमा करून आले. एक तारखेला तात्यासाहेबांनी मॅनेजरच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. त्यांची चिठ्ठी मला मुखपाठ आहे: 'कंपनीच्या चाचणीप्रमाणे माझी शिफारस नाही. शिफारस नसलेल्या माणसाच्या सहीला अर्थ नाही. तरी आजपासून मी मालावर सही करणार नाही. कामावर वेळेत येईन.'

आणि खरंच वेळेत येत होते. टेबलावर हात ठेवून बसायचे. गाड्या दोन दिवस आत उभ्या. मॅनेजर म्हणाले, "तात्यासाहेब, तुमची गोष्ट वेगळी आहे हो." ते म्हणाले, "येगळी कशी? आकडा मशिनीनं दिलाय, म्या न्हाय दिला."

तिसऱ्या दिवशी ठरलं. अहवालावरून कुणालाही घ्यायचं किंवा काढायचं नाही, कामावर उभं करून बघायचं. माझं काम तीन वर्षं बघून झालंच होतं, म्हणून मला परत बोलावलं. तरी संस्थेशी करार झालेला म्हणून रविवारी आम्हा पंधरा जणांची चाचणी पुन्हा घेतलीच. यावेळी चौदा पोरांचे चौदा स्वभाव निघाले. त्यांना सोमवारपासून मशिनवर लावलंय. कोण टिकेल ते हात सांगतील. सम्यक कोपऱ्यातल्या मशिनवर एकटा खूश आहे.

मी मागच्यासारखंच भरलं. पुन्हा एक्याण्णव आले. गेज खराब असेल, पण दोनदा मोजलं तर दोनदा तेच दाखवतं, म्हणजे निदान नग बदललेला नाही.

काल मॅडमनी कायम नेमणुकीची ऑर्डर समोर ठेवली. मी सगळी वाचली. सातवं कलम होतं, 'कर्मचाऱ्यानं सहा महिने स्वभाव-सुधार प्रशिक्षण घेणे बंधनकारक राहील.' मी पट्टी मागितली. कलमावर सरळ रेघ मारली आणि खाली सही केली. बाहेर तात्यासाहेब उगाचच खोकत उभे होते. मग मॅडमनी शिक्का उचलला आणि मारला. म्हणाल्या, "मीही ती टेस्ट देऊनच लागले, रत्नमाला. मी तुझ्यासारखी भरली नव्हती."

मी त्यांना थँक्यू म्हणाले आणि लाइनवर गेले.

पाकिटात एक कोरा लाल टॅग आहे. सोमवारी जयंती आहे. तुम्हाला लागला तर असू दे.

रत्ना

खुलताबाद
१५ एप्रिल २०२५

चि. रत्नमाला,
सप्रेम जयभीम.

काल व्यासपीठावर उभा राहिलो. तांदळाची गोष्ट सुरू केली. वस्तीला ती पाठ आहे, टाळी कुठं वाजवायची तेही पाठ आहे. खुर्चीपाशी आलो आणि थांबलो. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच वाक्य सुचवलं, "नको म्हणालात, गुरुजी."

मी म्हणालो, "नाही. मी नको म्हणालो नव्हतो. मला खुर्ची हवी होती. मला ती दिली नाही." आणि खिशातून तो कागद काढून वाचला. भांडखोर. वरिष्ठांशी जुळवून घेत नाही. एकोणीस वर्षं तुमच्याशी खोटं बोललो, म्हणालो, कारण मला त्या दोन वाक्यांची लाज वाटत होती. किड्यांवर सही न केल्याची लाज कधी वाटली नाही, आणि त्याचंच जे बक्षीस मिळालं त्याची वाटली. माणसाला मोजणाऱ्यांची खरी करामत हीच आहे. ते आपल्या हातात आकडा देतात आणि पुढचं काम आपण स्वतः करतो. आपणच आपल्याला कमी लेखतो, आपणच लपवतो, आणि वर आपल्या पोरांना लपायला शिकवतो. मी चौदा जणांना शिकवलं. पंधरावीनं माझा कागद पर्समधून काढला नाही, म्हणून आज मी उभा आहे.

कुणी टाळी वाजवली नाही. गोजरबाई मागून म्हणाली, "मंग बरं झालं न्हाय झाले मुख्याध्यापक. आमच्या पोरांना कुनी शिकवलं असतं?" तेव्हा लोक हलले. मी खाली उतरल्यावर तुझी आई माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी तिचं पत्र आलंय, शेजारच्या घरातून, चार पानी. उत्तर द्यायला मला आठवडा लागेल.

तुझा टॅग वापरला. अभ्यासिकेच्या भिंतीवर तो शेरा चिकटवला आणि त्यावर टॅग खिळ्यानं ठोकला. पोरं आत येताना वाचतात. मजकूर तुझ्या पद्धतीनं लिहिला आहे, काही चुकलं असेल तर कळव:

'वस्तू: गोपनीय अहवाल, सन २००६. दोष: मोजणाऱ्याला कुणी मोजलेलं नाही. निर्णय: नाकारला. तपासणारा: कचरू, निवृत्त शिक्षक.'

ज्याला तो काढायचा असेल त्यानं माझ्याशी भांडायला यावं. लिहून.

तुझा,
मामा